अर्थ बघा

समजा, तुम्ही एका फाटकावरचे राखणदार आहात. ताठ बसा. पाय जमिनीला नीट टेकवा. ते का, हे पुढे कळेल. फाटकाच्या अलीकडे पाण्याची डोण आहे आणि पलीकडे तहानलेली म्हैस. फाटकाला अशी दांडगी स्प्रिंग आहे, की हात सोडला की ते धाडकन मिटतं. तुमचं काम एवढंच, की मागून कोणी पाठीवर हात ठेवला की फाटक ओढून धरायचं आणि तो हात पाठीवर आहे तोवर सोडायचं नाही. हात निघाला, की फाटक सोडून द्यायचं. मग म्हैस हंबरो नाहीतर शिंगं आपटो.

जमलं? आता म्हशीच्या जागी डिझेलवर चालणारं गवत कापायचं यंत्र उभं करा. पाण्याच्या जागी डिझेल ठेवा आणि पाठीवरच्या हाताच्या जागी बॅटरीतून येणारी वीज. तुमच्या जागी राहिलं अंगठ्याहून थोडं जाड असं एक लोखंडी नळकांडं. किल्ली फिरवली की त्याला वीज मिळते, ते आतला दांडा ‘टक्’ करून ओढतं आणि इंजिनाला डिझेल मिळतं. किल्ली बंद केली की दांडा सुटतो, डिझेल बंद, इंजिन बंद. यंत्राच्या पुस्तकात या राखणदाराचं नाव सोलेनॉइड असं दिलेलं होतं.

“सोलं नाय? मग आमसुलं घाला,” असं केरू शिपाई म्हणाला, आणि हरिश्चंद्र गुरुजींनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर जागच्या जागी वाळून गेला असता. केरू वाळला नाही. तो सत्तावीस वर्षं गुरुजींच्या नजरा झेलत आला होता.

साल एकोणीसशे शहाऐंशी, ऑक्टोबरचा महिना. रत्नागिरीहून हातखंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, गुरुजींची शाळा होती. गुरुजी मराठी शिकवत. कवितेची ओळ द्यायची आणि ‘संदर्भासह अर्थ स्पष्ट करा’ म्हणायचं, यात त्यांचा जन्म गेला होता. यंत्रांशी त्यांचा संबंध घड्याळाला चावी देण्यापुरता. पण मुख्याध्यापक आजारी पडले, रजेवर गेले आणि जाताना मैदानाची जबाबदारी गुरुजींच्या गळ्यात घालून गेले.

मैदानाची जबाबदारी म्हणजे काय, तर मुलींचे जिल्हा खो-खो सामने त्या वर्षी याच मैदानावर व्हायचे होते. सामने समितीला गुरुजींनी सप्टेंबरातच पत्र पाठवलं होतं, ‘मैदान सुसज्ज आहे.’ ज्या दिवशी पत्र लिहिलं त्या दिवशी मैदानावर गुडघाभर गवत होतं. यंत्र आहे, एका दिवसात कापून होईल, असा गुरुजींचा हिशेब. नाव हरिश्चंद्र आणि जन्मात एवढंच एक वाक्य खोटं लिहिलं, तेही शाळेच्या शिक्क्यासह. आता समितीचे साहेब शनिवारी चार वाजता मैदान पाहायला येणार होते, आणि आज गुरुवार होता, आणि यंत्र सुरू होत नव्हतं.

“विळ्यानं कापू,” केरू म्हणाला.

“कोण कापणार? भातकापणी चालू आहे. माणूस सोड, माणसाची सावलीसुद्धा शेताबाहेर मिळत नाही.”

तरी दोघांनी विळे घेतले आणि सकाळभर कापलं. कंबरेत चमक भरेपर्यंत कापलं. मग सरळ होऊन पाहिलं, तर एक रेडकू ऐसपैस बसेल एवढी जागा मोकळी झाली होती.

“गुर्जी, झालं?”

हा आवाज राहीचा. राही सातवीतली, खो-खोच्या संघाची कप्तान. हा प्रश्न ती गुरुवारी सकाळपासून पाचव्यांदा विचारत होती.

“झालं असतं तर मी इथे कंबर धरून उभा असतो का गं?”

“नाय, विचारलं आपलं.”

तिनं विचारायला कारण होतं. साहेबांनी मैदान नापास केलं, तर सामने चिपळूणला जाणार होते. चिपळूण म्हणजे दोन रात्रींचा मुक्काम. राहीचा बाप मुंबईला गिरणीचं काम सुटल्यावर दुसरं काम शोधत होता, आई शेतावर, आणि घरात शब्द चालायचा तो आजीचा, यमुनाबाईचा. यमुनाबाईनं सांगून टाकलं होतं, “खेळ, व्हया तेवढा खेळ. पण निजायला घरी.” पुढच्या वर्षी राही आठवीत जाणार होती, लांबच्या हायस्कुलात, आणि तिथे मुलींचा संघच नव्हता. म्हणजे खेळायचं तर याच मैदानावर आणि याच वर्षी.

यंत्राची हकिकतही थोडक्यात सांगतो. मुंबईत एका परदेशी कंपनीच्या बंगल्यावर ते गवत कापत असे. कंपनी गेली, यंत्र लिलावात निघालं. शाळेचा एक जुना विद्यार्थी बोटीवर इंजिनिअर होता, त्यानं ते घेतलं आणि शाळेला भेट म्हणून ट्रकनं पाठवून दिलं. वर बसायला खुर्ची, खाली फिरणारी पाती, शेजारी बॅटरी आणि सोबत इंग्रजीतलं एक जाड पुस्तक. मे महिन्यात ते छान चाललं. पावसाळ्यात ते केरूच्या ताब्यात होतं.

केरू मूळचा मांडवीचा. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या होड्या. खाऱ्या हवेत लोखंड चार महिने उघडं ठेवलं तर त्याचं काय होतं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. म्हणून त्यानं पावसाळाभर, शाळा सुटल्यावर, यंत्राचे सुटतील तेवढे भाग सोडवले, घासले, आणि होडीला लावायच्या निळ्या रंगाचे दोन दोन हात देऊन पुन्हा जागच्या जागी बसवले. यंत्र असं दिसत होतं, की त्याला नारळ वाढवून समुद्रात सोडावं.

“होडी असो नायतर मशीन असो,” केरू सांगायचा, “एकदा रंग बसला, की दर्या हात लावीत नाय.”

तर असं ते निळं, देखणं यंत्र गुरुवारी दुपारी मैदानाच्या कडेला उभं होतं. किल्ली फिरवली की आत खर्र खर्र होई, म्हणजे फिरायचं ते फिरत होतं, पण पेट घेत नव्हतं.

हातखंब्याच्या नाक्यावर धाकूचं गॅरेज होतं. धाकू हाही गुरुजींचाच विद्यार्थी. मराठीत तो तीनदा नापास झाला होता. त्याच्या निबंधाखाली गुरुजी लाल पेन्सिलनं दर वेळी एकच शेरा मारायचे, ‘अर्थ लागत नाही.’ शेवटी धाकूनं शाळेचा नाद सोडला, पाना हातात घेतला आणि पाच वर्षांत त्या हमरस्त्यावरचा नावाजलेला मेकॅनिक झाला. गुरुजींनी त्याला चिठ्ठी लिहिली आणि एस.टी.च्या कंडक्टरकडे दिली. त्या काळी आमच्याकडे चिठ्ठ्या अशाच जात, आणि टपालापेक्षा लवकर पोचत.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं उत्तर आलं. सोबत ट्रकच्या मागच्या दिव्याचा एक छोटा बल्ब होता, त्याला दोन वायरी जोडलेल्या.

‘गुरुजींस शिरसाष्टांग नमस्कार. ट्रक खोलून बसलो आहे, येणे जमत नाही. डिझेलमधली हवा काढून बघा. तरी चालू झाले नाही तर सोलेनॉइड तपासा. किल्ली फिरवल्यावर टक् वाजते का ऐका. नाही वाजले तर त्याची वायर काढून बल्बला लावा, बल्बची दुसरी वायर इंजिनाला टेकवा, वीज येते का कळेल. येत असेल तर बॅटरीच्या प्लसवरून वायर आणून डायरेक्ट द्या. तरी टक् नाही, तर अर्थ बघा. आपला विद्यार्थी, धाकू.’

गुरुजींनी एकेक वाक्य खडूनं फळ्यावर लिहावं तसं पाळलं. हवा काढली. त्यात डिझेल त्यांच्या धोतरावर सांडलं. किल्ली फिरवली. कान लावला. टक् नाही. वायर काढून बल्बला लावली, दुसरी वायर इंजिनाच्या एका चकचकीत नटाला टेकवली. बल्ब लख्ख लागला.

“लागला!” राही टाळी वाजवून ओरडली. मधल्या सुट्टीत ती हजर होतीच.

“अगं, बल्ब लागून गवत कापलं जात नाही.”

मग बॅटरीवरून थेट वायर आणून नळकांड्याला दिली. गुरुजी, केरू आणि राही, तिघांनी श्वास धरला.

काही नाही. दूर कुठे तरी एक कावळा ओरडला तेवढंच.

“आता काय लिवलंय?” केरूनं विचारलं.

“‘अर्थ बघा’,” गुरुजी वाचून म्हणाले. पुन्हा वाचलं. चिठ्ठी उलटी करून मागे पाहिलं. “कसला अर्थ बघा? वाक्य तर स्पष्ट आहे. टक् नाही वाजलं, तर अर्थ बघा. म्हणजे टक् न वाजण्याचा अर्थ काय, ते बघा. म्हणजे पुस्तकात बघा!”

आणि गुरुजी शब्दकोश घेऊन त्या जाड इंग्रजी पुस्तकाला भिडले. शुक्रवारची दुपार त्यात गेली. सहा पानांचं त्यांनी मराठी केलं. सोलेनॉइडला ‘इंधननिरोधक विद्युत्-चुंबक’ असा सुंदर शब्द घडवला. केरू दारात उभं राहून ऐकत होता.

“गुर्जी, एवढा लांब नाव घेऊन हाक मारली, तर तो उठायचा कसा?”

“तू गप्प बस.”

“मी म्हणतो, राखणदाराला एक नारळ ठेवू या का?”

“केरू!”

“बरं, ऱ्हायला.”

संध्याकाळच्या गाडीनं गुरुजींनी दुसरी चिठ्ठी पाठवली, ‘अर्थ पाहिला. अर्थबोध होत नाही. कृपया विस्ताराने कळवावे.’

शनिवारी शाळा सकाळची. दहाच्या गाडीच्या कंडक्टरनं उत्तर आणून दिलं. ते देताना तो गालात हसत होता, म्हणजे त्यानं वाचलं होतं.

‘गुरुजींस नमस्कार. अर्थबोध नको. अर्थ हवा. अर्थ मिळत नसेल तर सगळे फुकट. आधी अर्थ, मग बाकी सगळे. धाकू.’

गुरुजींचे कान तापले. ‘आधी अर्थ, मग बाकी सगळं’ हे वाक्य कोणाचं होतं? त्यांचंच होतं! वर्गात आल्या आल्या ते हेच म्हणायचे. पाठांतराआधी अर्थ, शुद्धलेखनाआधी अर्थ. तीन वर्षं हे वाक्य ऐकून ऐकून नापास झालेला पोरगा आता तेच वाक्य, नेमक्या संकटाच्या वेळी, कंडक्टरच्या हाती परत पाठवत होता.

“सूड!” गुरुजी म्हणाले. “सूड उगवतोय माझ्यावर. इथे माझी इज्जत गवतात लोळतेय आणि याला विनोद सुचतायत. अर्थ मिळत नाही म्हणे! बारा वर्षांपूर्वी तुझ्या निबंधात मिळत नव्हता, तेव्हा मी असा एस.टी.नं चिठ्ठ्या पाठवत होतो का रे?”

“तो हितं नाय, गुर्जी,” केरू म्हणाला.

“मला दिसतंय!”

अकरा वाजून गेले होते. शाळा सुटली होती, पण संघातल्या मुली घरी गेल्या नव्हत्या. त्या ओटीवर ओळीनं बसल्या होत्या आणि गुरुजींना चिडलेलं पाहायची दुर्मीळ संधी साधत होत्या. राही मात्र यंत्रापाशी होती. तिनं विचारलं, “गुर्जी, चिठ्ठीत काय हाय?”

“काही नाही. ‘अर्थ मिळत नसेल तर सगळं फुकट.’ झालं समाधान?”

राहीनं मान तिरकी केली. “कोरडा पडला आसंल.”

“कोण?”

“अर्थ. आमच्या अर्थाला मी रोज पाणी घालतंय.”

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सत्तावीस वर्षांत त्यांनी अर्थ लावला होता, शोधला होता, स्पष्ट केला होता, त्याचा अनर्थ झालेलाही पाहिला होता. पाणी कधी घातलं नव्हतं.

“काय घालतेस? कशाला घालतेस? नीट, पहिल्यापासून सांग.”

“आमच्याकडं गेल्या साली लाइट आली ना, तवा वायरमन आला. त्यानं पडवीच्या मागं खड्डा खणला. त्यात पत्रा पुरला, कोळसा घातलान, मीठ घातलान, आणि मीटरपासून एक वायर आणून त्याला जोडलान. आजीनं विचारलं, ह्या काय? तो म्हणाला, हा अर्थ. विजेला जमिनीत उतरायला वाट लागते. ह्याला उन्हाळ्यात कोरडा पडू देऊ नका. तवापासून आजी मला रोज सांगते, राही, अर्थाला पाणी घातलंस? आणि आजी पाया पण पडते त्याच्या.”

गुरुजी मटकन यंत्राच्या खुर्चीत बसले. निळ्या खुर्चीत, डिझेलचे डाग पडलेल्या धोतरानिशी. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर अशी चापट मारली, की ओटीवरच्या मुली दचकल्या.

“पृथ्वी!” ते म्हणाले. “अरे, इंग्रजीतली पृथ्वी! जमीन! आणि मी शब्दकोश घेऊन बसलो. ज्या पोराला मी अर्थ कळत नाही म्हणून नापास केलं, त्यानं एका शब्दात सांगितलं, आणि मला… केरू, हसू नकोस.”

“मी खंय हसतोय?”

“तुझ्या मिशा हसतायत.”

पण राही तोवर वाकून यंत्राखाली पाहत होती. “गुर्जी, हा जमिनीला टेकलाच नाय. चाकं तर रबराची हायत. पाणी घालायचं कुठं?”

हा प्रश्न ऐकला आणि गुरुजींची चिडचिड थोडी उतरली. काय करणार, चांगला प्रश्न ऐकला की त्यांचा नाइलाज व्हायचा. ते खुर्चीतून उतरले आणि यंत्रासमोर उकिडवे बसले.

“थांब. विचार करू. बॅटरीला दोन वायरी आहेत. एक लाल, प्लसची. दुसरी काळी. ती कुठे जाते?”

राहीनं बोटानं माग काढला. “इंजिनाला. बोल्टाला घट्ट लावलीय.”

“म्हणजे या यंत्राची जमीन कोणती?”

राहीनं काळ्या वायरीचं टोक पुन्हा पाहिलं. “इंजिनाचं लोखंड?”

“शाब्बास. विजेनं लाल वायरीनं जायचं आणि लोखंडावरून परत यायचं. काल बल्ब लागला, कारण त्याची दुसरी वायर आपण इंजिनाच्या नटाला टेकवली होती. बल्बचे पाय जमिनीवर होते. आता या राखणदाराला वायर एकच आहे. मग त्याचे पाय कुठे?”

“त्याचं आंगच त्याचे पाय,” राही म्हणाली. “त्याचं आंग इंजिनाला चिकटलंय.”

“चिकटलंय का?”

राहीनं बल्ब उचलला. एक वायर बॅटरीच्या प्लसला धरली, दुसरी इंजिनाच्या नटाला. लख्ख. मग दुसरी वायर नटावरून उचलून नळकांड्याच्या अंगाला टेकवली. अंधार. नटाला, लख्ख. नळकांड्याला, अंधार.

“रंग!” ती म्हणाली. तिनं पायाखालचा जांभ्याचा एक खडबडीत तुकडा उचलला आणि नळकांड्याचा निळा रंग खरवडायला लागली.

“अगो अगो!” केरू कळवळला. “दोन हात दिलेत मी!”

आत लोखंड चमकलं. तिथे वायर टेकवली. तरीही अंधार.

“म्हणजे वरचा रंग नाही,” गुरुजी हळू म्हणाले. “याचे पायच अधांतरी आहेत. केरू, हे तू सोडवलं होतंस?”

“व्हय. दोन इस्क्रू. घासून, रंगवून परत लावलं.”

“मागची बाजूही रंगवलीस? इंजिनाला टेकते ती?”

“मागून गंज लागत नाय का?”

“आणि स्क्रू?”

“ते रंगात बुडवून काढले. आणि मधे…” इथे केरूचा आवाज जरा खाली आला. “मधे सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा घातलाय. पाणी जाऊ नये म्हणून.”

गुरुजी उभे राहिले. ते दहा पावलं गवतात चालत गेले, तिथे समुद्राच्या दिशेला तोंड करून थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. तीन दिवस! सहा पानांचं भाषांतर, एक धोतर, एक कंबर आणि दोन चिठ्ठ्या! बोलायला तोंड उघडलं, तर समोर केरू उभा. हातात खांद्यावरचा पंचा, आणि नजर त्या खरवडलेल्या ठिकाणावर, जशी कोणाच्या गुडघ्याला खरचटलं असावं. पावसाळाभर संध्याकाळी या माणसानं कोणी न सांगता हे यंत्र पोटच्या पोरासारखं जपलं होतं. गुरुजींनी तोंड मिटलं.

“पाना आण,” ते एवढंच म्हणाले.

स्क्रू काढले. ट्यूबचा तुकडा निघाला. राहीनं नळकांड्याची मागची बाजू आणि इंजिनावरची त्याची जागा जांभ्यानं घासून घासून पांढरी केली, केरूनं स्वतःच्या हातानं स्क्रूवरचा रंग काढला, आणि प्रत्येक आट्याला एकदा सुस्कारा टाकला. पुन्हा सगळं आवळून बसवलं. बल्ब नळकांड्याच्या अंगाला टेकवला. लख्ख.

वायर जोडली. गुरुजींनी किल्ली धरली आणि पहिल्याच घरात फिरवली.

टक्.

केवढासा आवाज! नखानं पाटी वाजवावी एवढा. पण ओटीवरच्या आठही मुलींनी तो ऐकला. गुरुजींनी किल्ली पुढे फिरवली, खर्र खर्र झालं, काळा धूर निघाला, आणि यंत्र असं दणाणलं, की चिंचेवरचे बगळे उडून गेले.

चार वाजता समितीचे साहेब स्कूटरवरून आले, तेव्हा मैदान दोन हिस्से कापून झालं होतं आणि एक हिस्सा बाकी होता. केरू खुर्चीत बसून होडी हाकावी तसं यंत्र हाकत होता. साहेबांना पाहून त्यानं पाती थांबवली आणि यंत्र कडेला आणलं. इंजिन मात्र चालूच ठेवलं. सुरू झालेलं बंद करायची कोणाची छाती नव्हती.

साहेब कमी बोलणारे आणि जास्त पाहणारे होते. “पत्रात ‘सुसज्ज’ लिहिलंय,” ते मोठ्यानं म्हणाले.

“लिहिलं तेव्हा नव्हतं,” गुरुजी म्हणाले. दुसऱ्यांदा खोटं बोलायला आता त्यांच्यात त्राण नव्हतं. “आज दुपारपासून व्हायला लागलंय.”

“सामन्यांना अजून तीन आठवडे आहेत. तोवर पुन्हा वाढेल. तेव्हा हे यंत्र चालेल कशावरून? गेले तीन दिवस बंद होतं, असं तो एस.टी.चा कंडक्टर सांगत होता.”

गुरुजींनी मनातल्या मनात त्या कंडक्टरला नापास केलं. पण उत्तर काय द्यायचं? चालेल म्हणावं, तर त्यांना स्वतःलाच शंभर टक्के खात्री नव्हती. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि झाकण काढायच्या आधी एकदा घड्याळात पाहिलं.

तेवढ्यात राही यंत्रापाशी गेली आणि तिनं नळकांड्याची वायर उपटली.

टक्. इंजिन दोन उचक्या देऊन थांबलं. एवढ्या वेळच्या दणदणाटानंतर अशी शांतता पडली, की गवतातले नाकतोडे ऐकू यायला लागले. केरूनं डोळे मिटले.

“ह्यो राखणदार,” राही साहेबांना म्हणाली. “वीज गेली की दांडा सोडतो, डिझेल बंद. आता बघा.” तिनं वायर परत खोचली. टक्. “पकडलान. ह्याचे पाय आता जमिनीवर हायत. केरूमामा, मारा किल्ली.”

केरूनं एक डोळा उघडून किल्ली मारली. यंत्र पहिल्या फटक्यात सुरू झालं.

साहेबांनी राहीकडे पाहिलं, नळकांड्याकडे पाहिलं, आणि मग खाली वाकून वायर स्वतः काढली. टक्. घातली. टक्. मोठ्या माणसांनाही असलं काही हाताशी आलं, की राहवत नाही. नंतर त्यांनी कागदावर ‘मैदान योग्य’ एवढे दोन शब्द लिहिले, सही केली आणि उरलेलं गवत उद्या कापून घ्या, असं सांगून स्कूटरला किक मारली.

मुलींनी केरूच्या खुर्चीभोवती फेर धरला. गुरुजी मात्र वर्गात गेले, वहीचं एक पान फाडलं आणि त्यावर लिहिलं, ‘चि. धाकूस आशीर्वाद. अर्थ मिळाला. तुझे सर्व निबंध पुन्हा तपासावेत असे वाटते.’ पानाची घडी घालून ती त्यांनी राहीच्या हाती दिली. “पाचच्या गाडीला दे. आणि जपून, त्या कंडक्टरला वाचू देऊ नकोस.”

राही रस्त्यावर जाऊन उभी राहिली. गाडी लांबून दिसायला लागली, तेव्हा तिनं घडी उघडली, वाचली, दप्तरातून पेन्सिल काढली आणि गुडघ्यावर कागद ठेवून गुरुजींच्या सहीखाली एक ओळ आपली घातली, ‘त्याला उन्हाळ्यात पाणी घालत जा.’ मग गाडी थांबली. चिठ्ठी कंडक्टरच्या हाती देताना ती म्हणाली, “वाचलीत तरी चालंल. तुमाला अर्थ लागायचा नाय.” आणि घंटा वाजायच्या आत ती मैदानाकडे पळत सुटली, कारण कापलेल्या दोन हिश्शांवर बाकीच्यांतल्या सात जणी एकीआड एक तोंडं फिरवून ओळीत बसल्या होत्या, आठवी धावायला उभी होती, आणि मधली एक जागा तिच्यासाठी रिकामी होती.